‘अजून कळलेलं नाही’ आणि ‘कळणारच नाही’

विज्ञानावर अविश्वास दाखवणारे आवाज दोन बाजूंनी येतात. एक म्हणतो, जगाचं कोडं कधीच सुटलेलं आहे. उत्तर ग्रंथात आहे, परंपरेत आहे, आपण ते फक्त मान्य करायचं. दुसरा म्हणतो, कोडं सुटणारच नाही; माणसाची बुद्धी ती केवढी, जे व्हायचं ते होणार, उगाच धडपड कशाला? पहिला आवाज ठाम असतो, दुसरा थकलेला. ऐकताना ते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण दोघांचं ऐकलं तर घडतं एकच: शोध थांबतो.

मला दुसऱ्या आवाजाची जास्त काळजी वाटते. तो नम्रतेच्या भाषेत बोलतो, त्यामुळे शिकलेली, विचारी माणसंही त्याला सहज बळी पडतात. म्हणून आधी त्याचंच एक उदाहरण जरा सविस्तर पाहू.

ऑग्यूस्त काँत हा फ्रेंच तत्त्वज्ञ काही अंधश्रद्धाळू नव्हता. ज्ञान निरीक्षणावर आणि तर्कावरच उभं राहिलं पाहिजे, असं सांगणाऱ्या प्रत्यक्षार्थवादाचा तो जनक. १८३५ मध्ये त्याने ताऱ्यांविषयी लिहिलं की त्यांचे आकार, अंतरं, गती आपल्याला मोजता येतील. पण ते कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत, हे मात्र कोणत्याही मार्गाने कधीच कळणार नाही. त्या काळी हे बिनतोड वाटत होतं. पदार्थात काय काय आहे हे शोधायचं तर तो हाताशी हवा, तापवायला हवा, आम्लात टाकून पाहायला हवा. ताऱ्याचा तुकडा कुठून आणणार?

उत्तर मात्र तेव्हाही रोज पृथ्वीवर येत होतं, प्रकाशाबरोबर. योसेफ फ्राउनहोफर हा उत्तम काच बनवणारा जर्मन कारागीर. १८१४ मध्ये त्याने सूर्यप्रकाश लोलकातून पाठवून त्याचा रंगपट्टा दुर्बिणीतून बारकाईने पाहिला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या त्या पट्ट्यात त्याला बारीक काळ्या रेषा दिसल्या, पाचशेहून जास्त. त्या का पडतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी त्याने त्यांच्या जागा काटेकोरपणे मोजून नोंदवून ठेवल्या. काँतने ‘कधीच नाही’ असं लिहिलं तेव्हा ही नोंद वीस वर्षं जुनी झाली होती.

१८५९ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला गुस्ताव किरखोफ आणि रॉबर्ट बुन्सेन हे शास्त्रज्ञ ज्योतीत निरनिराळे क्षार टाकून त्यांचा प्रकाश लोलकातून पाहत होते. मीठ टाकलं की ज्योत पिवळी होते. तो पिवळा प्रकाश लोलकातून गेला की एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दोन पिवळ्या रेषा उमटतात. ही मिठातल्या सोडियमची खूण. आणि सूर्याच्या पट्ट्यात नेमक्या त्याच जागी दोन काळ्या रेषा होत्या. किरखोफने सूर्यप्रकाशाच्या वाटेत मिठाची पिवळी ज्योत धरली. पिवळ्या उजेडाने काळ्या रेषा भरून निघाव्यात, असं कुणालाही वाटेल. त्या उलट आणखी गडद झाल्या. याचा अर्थ असा होता की तापलेल्या वायूतलं सोडियम जो रंग बाहेर टाकतं, तोच रंग ते मागून येणाऱ्या अधिक प्रखर प्रकाशातून शोषूनही घेतं. सूर्याच्या बाहेरच्या थरांत सोडियम आहे, हे त्या दिवसापासून माणसाला माहीत आहे. काँतला जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

पुढची गोष्ट तर मला फार आवडते. १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा सापडली, जी पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्या अज्ञात द्रव्याला हेलियम असं नाव मिळालं आणि १८९५ मध्ये विल्यम रॅमझी यांना ते पृथ्वीवर, युरेनियमच्या एका खनिजात सापडलं. जो मार्ग असूच शकत नाही असं काँतने मानलं होतं, त्या मार्गानेच एक मूलद्रव्य आधी सूर्यावर कळलं आणि नंतर पृथ्वीवर हाती आलं.

काँत नेमका कुठे चुकला? ‘आज माझ्याकडे मार्ग नाही’ हे त्याचं विधान खरं होतं. ‘मार्ग असूच शकत नाही’ हे दुसरं विधान त्याने पहिल्याच्या जोरावर केलं, आणि तिथे घसरला. पहिलं विधान एका माणसाच्या आजच्या स्थितीविषयी आहे. दुसरं विधान येणाऱ्या सगळ्या पिढ्यांविषयी आणि अजून न बनलेल्या सगळ्या साधनांविषयी आहे. त्याला पुरावाही तेवढाच मोठा लागतो. निराशावादी माणूस तो कधी देत नाही. आपला थकवा हाच पुरावा म्हणून पुढे करतो.

धर्माच्या बाजूने येणारी उडी अशाच प्रकारची असते, फक्त ती दुसऱ्या दिशेला पडते: ‘मला कारण दिसत नाही, म्हणून कारण अलौकिक आहे.’ वीज याचं चांगलं उदाहरण. वीज पडणं म्हणजे दैवी कोप, ही समजूत जगभर होती. युरोपात वादळ आलं की वीज दूर जावी म्हणून चर्चच्या घंटा वाजवत. आता विचार करा: गावातली सर्वांत उंच इमारत, वर धातूची घंटा, खाली पावसात भिजलेला दोर आणि तो हातात धरलेला माणूस. १७८४ मध्ये म्युनिकमध्ये छापलेल्या एका पुस्तकात नोंद आहे की ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारी १०३ माणसं मेली. त्याच्या तीस वर्षं आधी बेंजामिन फ्रँकलिनने वीज जमिनीत उतरवणारी धातूची टोकदार कांब सुचवली होती. तिला विरोध झाला. १७५५ मध्ये बॉस्टन परिसरात भूकंप झाला तेव्हा तिथल्या एका धर्मोपदेशकाने या कांबींकडे बोट दाखवलं. पण कांब लावलेल्या इमारती वाचत होत्या, न लावलेल्या जळत होत्या. हळूहळू चर्चच्या मनोऱ्यांवरही कांबी बसल्या.

यातलं एक वळण नीट पाहण्यासारखं आहे. वीज हा कोप आहे असं मानणाऱ्या माणसाला वाचण्याचा एकच उपाय उरतो, विनवणी. तो उपाय फसला तरी समजूत खोटी ठरत नाही. ‘विनवणी कमी पडली’ एवढंच म्हणता येतं. वाचलो तर कृपा, मेलो तर इच्छा. काहीही घडलं तरी जी समजूत टिकतेच, तिच्यातून पुढचं पाऊल कोणतं टाकायचं ते कळत नाही. फ्रँकलिनची कल्पना खोटी ठरू शकत होती: कांब लावलेल्या इमारती सर्रास जळाल्या असत्या तर ती टाकून द्यावी लागली असती. हा धोका पत्करला म्हणूनच ती उपयोगाची ठरली.

विज्ञान म्हणजे काय, या प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत सोपं उत्तर इथेच आहे. आपलं म्हणणं कोणत्या परिस्थितीत चुकीचं ठरेल हे आधीच सांगायचं, मग निसर्गाला विचारायचं आणि उत्तर आवडलं नाही तरी मानायचं. प्रयोगशाळा, दुर्बिणी, गणित ही सगळी त्याची साधनं.

याचा कस पाहायचा तर एकाच माणसाच्या दोन भाकितांकडे पाहावं. एकोणिसाव्या शतकात युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे जिथे असायला हवा, तिथे नसे. थोडा इकडे-तिकडे सापडे. फ्रेंच गणिती उर्बें ल व्हेरिए याने म्हटलं, पलीकडे एक न दिसलेला ग्रह असेल आणि तो युरेनसला ओढत असेल. त्याने त्या ग्रहाची जागा कागदावर काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्र पाठवलं. २३ सप्टेंबर १८४६ ला पत्र पोचलं. त्याच रात्री योहान गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत होता आणि त्याचा तरुण सहकारी नकाशात तो शोधत होता. एक ठिपका नकाशात नव्हता. तोच नेपच्यून, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्याही आत.

बुधाच्या कक्षेतही अशीच एक फट होती. त्याची लंबवर्तुळाकार कक्षा हळूहळू फिरते आणि ते फिरणं गणितापेक्षा शतकाला ४३ विकला जास्त भरत होतं. पूर्ण चंद्राची जेवढी रुंदी आपल्याला दिसते, तिचा सुमारे चाळिसावा भाग. तोही शंभर वर्षांत. इतकी बारीक चूक दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात कुणाच्या लक्षातही आली नसती. ल व्हेरिएने पुन्हा तोच मार्ग धरला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असेल. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं. एका हौशी निरीक्षकाने तो पाहिल्याचं सांगितलं, त्याचा गौरवही झाला. सूर्यग्रहणांच्या वेळी शोध चालू राहिले. व्हल्कन सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि त्यातून ते ४३ विकला कोणताही जादा ग्रह न मानता आपोआप बाहेर पडले.

इथे एक नेहमीचा आक्षेप येतो: ‘विज्ञान आज एक सांगतं, उद्या दुसरं. मग त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?’ बुधाची गोष्ट हेच याचं उत्तर आहे. विद्वान माणूस, गाजलेलं नाव, आधीचं थक्क करणारं यश, ‘पाहिलं’ म्हणणारे साक्षीदार, सगळं असूनही व्हल्कन टिकला नाही. आणि न्यूटन रद्दही झाला नाही. यानांचे मार्ग आखताना आजही मुख्य भिस्त त्याच्याच गणितावर असते. आइन्स्टाइनची दुरुस्ती जिथे लागते तिथे मात्र ती टाळता येत नाही: आपल्या मोबाइलला जागा सांगणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तो फरक वजा केला नाही तर एका दिवसात काही किलोमीटरची चूक साठेल. ज्ञान बदलतं ते असं. पूर्वीचं जिथे खरं होतं तिथे खरंच राहतं. नवं त्याच्या पुढचा भाग व्यापतं.

विज्ञानाच्या नावाखाली घोर चुकाही झाल्या आहेत, हे मी टाळून पुढे जाणार नाही. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ पासून जर्मनीत आणि मग अनेक देशांत विकलं गेलं. गर्भवतींनी ते घेतल्याने हजारो बालकं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. त्या दुःखाला कोणतंही समर्थन नाही. पण ती चूक घडली अपुऱ्या चाचण्यांमुळे आणि उघडकीला आली डॉक्टरांनी नोंदी ठेवून, तुलना करून. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी पुरावा अपुरा आहे म्हणत अडून बसल्या, म्हणून तेव्हा तिथे त्या औषधाला परवानगी मिळाली नाही. अशा प्रसंगातून निघणारी मागणी जास्त काटेकोर विज्ञानाची आहे.

श्रद्धेविषयीही मला स्पष्ट बोलायचं आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून कुणी प्रार्थना करत असेल, तर तिथे वाद घालायला जाणं हा कोरडेपणा झाला. प्रार्थनेने मनाला आधार मिळतो आणि तो आधार खरा असतो. प्रश्न तेव्हा उभा राहतो, जेव्हा ‘प्रार्थनेने आजार बरा होतो’ असा जगाविषयीचा दावा केला जातो. दावा केला की तो तपासता येतो. तपासलाही गेला आहे. २००६ मध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुणाचीही निवड न होता पाडले होते. ज्यांच्यासाठी परक्या लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, पण आपण कोणत्या गटात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंत होण्याचं प्रमाण अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के निघालं. फरक नाहीच. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्या तिसऱ्या गटात ते ५९ टक्के होतं. कुणाला या आकड्यावरून ‘प्रार्थना घातक असते’ अशी आरोळी ठोकता आली असती. संशोधकांनी ते केलं नाही. हा योगायोगही असू शकतो, असं त्यांनी म्हटलं. आपल्या सोयीचा निष्कर्षही पुराव्यापुढे रेटायचा नाही, ही शिस्त दोन्ही बाजूंनी पाळायची असते.

आणि धार्मिक माणूस ही शिस्त पाळू शकत नाही, असंही नाही. विश्व प्रसरण पावतं आहे हे १९२७ मध्ये सिद्धांतातून मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. विश्वाची सुरुवात अतिघन अवस्थेतून झाली असावी, ही कल्पनाही त्यांचीच. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा दिसतो अशा अर्थाचं भाषण केलं. लमेत्र यांना ते रुचलं नाही. हा भौतिकशास्त्रातला सिद्धांत आहे, तो पुढे बदलू शकतो, त्याच्यावर धर्माची इमारत बांधू नये अशी त्यांची भूमिका होती. आपल्या धर्माच्या प्रमुखाने आपल्याच सिद्धांताची बाजू घेतल्यावरही ‘असं करू नका’ म्हणणं सोपं नाही. मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर वाटतो.

आता पुन्हा त्या थकलेल्या आवाजाकडे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ हे त्याचं जुनं रूप. आजचं रूप वेगळं आहे: जग विनाशाकडेच चाललं आहे, हवामान बिघडलंच आहे, माणूस सुधारणार नाही, आता काही उपयोग नाही. हे बोलणाऱ्याला शहाणा समजलं जातं, कारण निराशा खोल विचारासारखी दिसते. शिवाय ‘काही होणार नाही’ म्हणणाऱ्याला काही करावं लागत नाही आणि खरोखरच काही झालं नाही तर ‘मी म्हटलं नव्हतं का’ म्हणायची सोय राहते.

ओझोनच्या थराचं काय झालं ते या लोकांनी पाहावं. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवलं की फ्रिजमधले आणि फवाऱ्याच्या डब्यांमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वर जाऊन, अतिनील किरणांनी फुटून, ओझोन नष्ट करतील. त्यांची खिल्ली उडवली गेली, उद्योगांनी विरोध केला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात प्रचंड प्रमाणात घटतो आहे, हे मोजमापांतून उघड झालं. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, माँट्रियल करार झाला आणि पुढे जगातल्या सर्व देशांनी तो स्वीकारला. त्या करारातल्या घातक द्रव्यांचा सुमारे ९९ टक्के वापर थांबला आहे. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या आसपास १९८० च्या पातळीवर येईल, असा अंदाज आहे. आज कुणी विचारतं, ‘त्या ओझोनचा एवढा गाजावाजा झाला, पुढे काय झालं त्याचं?’ पुढे हे झालं: धोका वेळेत ओळखला गेला, वायू बदलले गेले, थर भरून येतो आहे. टळलेलं संकट दिसत नाही, म्हणून ते नव्हतंच असं वाटू लागतं.

जगात १९९० मध्ये जन्मलेल्या दर १,००० बालकांपैकी ९३ पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. २०२२ मध्ये तो आकडा ३७ वर आला. ३७ हाही सहन करावा असा आकडा नाही. पण लस, स्वच्छ पाणी, मीठ-साखर-पाण्याचं द्रावण, प्रसूतीच्या वेळची काळजी, या सगळ्यांनी जी मुलं जगली त्यांच्यापुढे उभं राहून ‘नशिबात असेल ते होतं’ म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

मग तर्काला मर्यादा नाहीतच का? आहेत, आणि त्या कुठे आहेत हे शोधून काढलं तेही तर्कानेच. १८७२ मध्ये एमिल द्युबोआ-रेमों या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने काही प्रश्नांबाबत ‘आपल्याला माहीत नाही आणि माहीत होणारही नाही’ असं जाहीर केलं होतं. ते वाक्य युरोपभर गाजलं. थोर गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांना ते आयुष्यभर खटकत राहिलं. ८ सप्टेंबर १९३० ला क्योनिग्सबर्ग शहरात निवृत्तीच्या उंबरठ्यावर भाषण करताना त्यांनी उत्तर दिलं: ‘आपल्याला जाणून घेतलंच पाहिजे, आपण जाणून घेऊच.’ ते शब्द पुढे त्यांच्या थडग्यावर कोरले गेले.

त्याच शहरात, आदल्या दिवशी, एका परिषदेत कुर्ट ग्योडेल नावाच्या २४ वर्षांच्या तरुणाने मोजक्या शब्दांत एक निष्कर्ष सांगितला होता. अंकगणित मावेल एवढी समर्थ आणि अंतर्विरोध नसलेली कोणतीही ठरावीक नियमांची पद्धत घ्या. तिच्या नियमांनी सिद्ध करता येणार नाहीत अशी सत्य विधानं तिच्यात असतातच. ग्योडेलचं नाव घेऊन ‘बघा, बुद्धी हरली’ असं आजही म्हटलं जातं. त्याने मात्र हात टेकले नव्हते. कोणत्या पद्धतीला, काय सिद्ध करता येणार नाही आणि का, हे त्याने पायरीपायरीने सिद्ध केलं होतं, आणि ती सिद्धता कुणीही तपासून पाहू शकतो. काँतच्या ‘कधीच नाही’मध्ये आणि ग्योडेलच्या ‘नाही’मध्ये हा फरक आहे.

आणि मर्यादेवर काम थांबलंही नाही. कोणतंही गणिती विधान सिद्ध होतं की नाही हे ठरवणारी एक यांत्रिक रीत असू शकते का, असा हिल्बर्ट यांचा आणखी एक प्रश्न होता. १९३६ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग यांनी अशी रीत असू शकत नाही, हे दाखवलं. त्यासाठी ‘यांत्रिक रीत’ म्हणजे नेमकं काय हे आधी ठरवायला हवं होतं. म्हणून त्यांनी कागदावरच एक यंत्र कल्पिलं: लांब पट्टी, तिच्यावर चौकोन, एका वेळी एक चौकोन वाचणारं आणि लिहिणारं टोक. सूचना बदलल्या की एकच यंत्र अशा दुसऱ्या कोणत्याही यंत्राचं काम करू शकेल, हे त्यांनी त्याच निबंधात सिद्ध केलं. एक गोष्ट अशक्य आहे हे दाखवण्यासाठी लिहिलेल्या त्या निबंधात संगणकाची मूळ कल्पना होती.